सीटखाली सापडलेली बाटली

चौतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या हाताखालून किती गुन्हे गेले, ते आज विचाराल तर सांगता येणार नाही. खून आणि दरोडेसुद्धा एकमेकांत मिसळून गेले आहेत. एक तपास मात्र वारासकट आठवतो, आणि गंमत अशी की तो मी वर्दी उतरवल्यानंतर केला. परक्या देशात केला. त्याची नोंद कुठल्याही पोलीस ठाण्याच्या डायरीत नाही. नावं कुणाचीच देणार नाही. त्यातली माणसं हयात आहेत आणि दोघं-तिघं मराठी वाचतात.

निवृत्त झाल्यावर मी मुलीकडे अबुधाबीला गेलो. खलिफा सिटीत त्यांचं घर आहे. पहिला महिना बरा गेला. दुसऱ्या महिन्यात मी इमारतीच्या वॉचमनकडे येणाऱ्या-जाणाऱ्यांचं रजिस्टर मागायला लागलो. तिसऱ्या महिन्यात मुलगी म्हणाली, ‘‘बाबा, तुम्ही जावयाचा रोज जबाब घेता. तो ऑफिसातून उशिरा यायला लागलाय.’’

त्याच सुमारास एका ओळखीच्यांकडे गणपतीत एक गृहस्थ भेटले. आमच्याच तालुक्याचे. पंचवीस वर्षांपूर्वी सुपरवायझर म्हणून आलेले, आता स्वतःची कंपनी होती. शारजाहच्याही पुढे, एका बंदराजवळ त्यांचं यार्ड होतं. म्हणाले, ‘‘साहेब, मला सिक्युरिटीला विश्वासाचा माणूस हवाय. तुमच्यासारखा रिटायर्ड ऑफिसर मिळाला तर खलास, मी निवांत झोपेन.’’ मी त्यांना शेठ म्हणायचो. पुढच्या महिन्यात मी त्यांच्या यार्डात रुजू झालो. सोमवार ते शनिवार यार्डातल्या खोलीत, रविवारी मुलीकडे.

कंपनीचं काम थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. समुद्रात तेलाच्या विहिरी असतात. विहिरीतून तेलाबरोबर खारं, तेलकट पाणी येतं आणि खोदकामाचा चिखलही निघतो. हे सगळं समुद्रात तसंच सोडायला बंदी आहे. ते किनाऱ्यावर आणायचं, टाक्यांत साचवायचं, मशिनीतून काढून तेल वेगळं करायचं, चिखल ठरलेल्या जागी पुरायचा आणि साफ झालेलं पाणी तेवढं बार्जमधून, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू बोटीतून, समुद्रात नेऊन सोडायचं. शेठच्या कंपनीला याचं कंत्राट होतं. यार्डात सहा टाक्या, एक मशीन, एक लहान लॅब, एक मेस आणि साठ-सत्तर माणसं.

मी गेल्यावर गेटवर रजिस्टर सुरू केलं, चाव्यांचा बोर्ड लावला, दर चार तासांनी राउंड ठेवली. सगळं आपल्या ठाण्यासारखं. लोक मागे हसत असणार. शेठ मात्र खूश होते.

चौथ्या महिन्यात एका सोमवारी सकाळी कामगारांच्या बसचा ड्रायव्हर माझ्या केबिनमध्ये आला. बस धुताना मागच्या सीटखाली त्याला एक बाटली सापडली होती. लोणच्याची असते तशी रुंद तोंडाची काचेची बाटली, लेबल धुऊन काढलेलं, आत काळपट पाणी. मी शेठना फोन केला. दहा मिनिटांत ते धापा टाकत आले आणि त्यांनी आधी केबिनचं दार लावून घेतलं.

‘‘साहेब, हीच ती भानगड,’’ ते म्हणाले. ‘‘कुणीतरी आपल्या टाकीतलं पाणी चोरून पर्यावरण खात्याला पोचवतंय. दोनदा झालं. नाव नाही, गाव नाही. खात्याने मला एक्स्प्लनेशन मागितलंय. मी म्हणालो, ही बिझनेस रायव्हलरी आहे. तुम्ही फक्त माणूस शोधा. चोरीची केस टाकतो. जेल, नंतर थेट एअरपोर्ट.’’

मी हो म्हणालो. पाण्यात काय आहे हे मी विचारलं नाही. ते मला तेव्हा सुचलंही नाही, हे आज लिहिताना खटकतं. आमच्या धंद्यात एक सवय अंगात मुरते. जो आधी ठाण्यात येतो तो फिर्यादी आणि तो ज्याच्याकडे बोट दाखवतो तो संशयित. पुढचं सगळं डोकं त्या बोटाच्या दिशेने चालतं.

दुसरी मुरलेली सवय म्हणजे पंचनामा. मुद्देमाल हाती आला की पंचनामा झालाच पाहिजे, मग ते ठाणं असो की वाळवंट. मी दोन पंच बोलावले. एक स्टोअरकीपर, सांगलीकडचा. दुसरे मेसचे चाचा. चाचा रत्नागिरीकडचे, साठीला आलेले. ऐन उमेदीत मालवाहू जहाजांवर भंडारी होते. जहाजावरच्या स्वयंपाक्याला भंडारी म्हणतात. पाच वेळचे नमाजी, गुटखा-तंबाखू नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पंच कसा असावा हे कायद्याच्या पुस्तकात लिहिलंय तस्सा माणूस.

मी दोघांना समजावून सांगितलं. ‘‘पंच म्हणजे जे डोळ्यांनी बघितलं तेवढ्यावर सही करायची, आणि पुढे कुणी विचारलं तर तेच सांगायचं. कमी नाही, जास्त नाही.’’

चाचांनी विचारलं, ‘‘कोणी म्हणजे कोन, साहेब?’’

‘‘कुणीही. कोर्ट, पोलीस, सरकार.’’

त्यांनी मान हलवली.

मी मराठीत पंचनामा लिहिला, खाली कार्बन पेपर घालून. बाटलीची उंची, रंग, पाण्याचं वर्णन, रॉकेलसारखा वास. बाटलीच्या झाकणाभोवती पांढरट, कडक लेप होता. मी पंचांना विचारलं, हे काय असावं? स्टोअरकीपर म्हणाला, पुट्टी असेल. चाचा जरा वाकून बघत म्हणाले, ‘‘काईतरी लेप दिसतो.’’ मी तसंच लिहिलं. लेप फोडून थोडं पाणी लॅबमध्ये पाठवलं आणि केमिस्टने पाण्यातल्या तेलाचा जो आकडा लिहून दिला तो कागद पंचनाम्याला जोडला. तोही वाचला नाही, फक्त टाचणी लावली. दोघांनी सह्या केल्या. बाटली लाख लावून कपाटात बंद.

पुढचे दोन दिवस मी माणसं तपासली. बार्जवरचे खलाशी, टाक्यांवरचे मजूर, फोरमन. संशय लवकरच केमिस्टवर स्थिरावला. केरळचा तिशीतला पोरगेला माणूस. बायको पहिल्या बाळंतपणासाठी गावी गेली होती. टाक्यांचं पाणी रोज त्याच्या हातात, बाटल्या त्याच्या हातात, इंग्रजी अर्ज लिहिता येणारा तोच. मी त्याला समोर बसवलं आणि काही न बोलता पाच मिनिटं फाइल चाळत राहिलो. ही माझी जुनी पद्धत. निर्दोष माणूस वैतागतो, दोषी माणूस बोलायला लागतो.

तो बोलायला लागला. ‘‘सर, मैंने सिर्फ साइन किया है. मुझे जो बोला गया वही लिखा.’’

‘‘क्या लिखा?’’

तो एकदम गप्प झाला. कपाळावर घाम. एसी चालू होता. मी मनात म्हटलं, सापडला. पण पुढे दोन तास काहीच निघालं नाही. बाटलीचा विषय काढला की त्याच्या चेहऱ्यावर खराखुरा गोंधळ यायचा, आणि तो सह्या करायचा त्या लॅबच्या सर्टिफिकेटचा विषय निघाला की घाम. घाबरलेला माणूस गुन्हेगार असतो खरा, पण आपण तपासतोय त्याच गुन्ह्याचा असेल असं नाही. हे मी फौजदारांच्या कितीतरी बॅचना शिकवलं होतं. स्वतःवर वेळ आली तेव्हा मलाच ते दोन दिवसांनी आठवलं.

शुक्रवार उजाडला. शुक्रवारी मेसमध्ये बिर्याणी असायची. दुपारची नमाज आटोपून माणसं परतली तेव्हा मी ताट घेऊन रांगेत उभा होतो. चाचांनी हंडी उतरवली. झाकणाच्या कडेला कणकेचा पट्टा लावून दम दिलेला होता. त्यांनी डावाच्या दांड्याने त्या वाळलेल्या कणकेवर टकटक केलं, तिचे तुकडे पडले आणि वाफ बाहेर आली. एक तुकडा घरंगळत माझ्या ताटाशी आला. पांढरट, कडक, आतल्या बाजूला बोटाचा ठसा.

मी तो तुकडा खिशात टाकला. बिर्याणी पोटभर खाल्ली. भूक आणि तपास यांची मी कधी गल्लत केली नाही. नंतर केबिनमध्ये जाऊन कपाटातल्या बाटलीवर उरलेल्या लेपाशी तो ताडून पाहिला. पुट्टी नव्हतीच ती. गव्हाचं पीठ होतं, मिठासकट.

मेस रिकामी झाल्यावर मी आत गेलो. चाचा संध्याकाळच्या चपात्यांसाठी पीठ चाळत होते. मी स्टूल ओढून बसलो.

‘‘चाचा, बाटलीला कणीक का लावलीत?’’

त्यांचा हात थांबला नाही. ‘‘वास बाहेर येऊ नये म्हणून. टेप शोधली, भेटली नाय. हाताला कणीकच लागली.’’ मग चाळण बाजूला ठेवून म्हणाले, ‘‘मला वाटलं तुमी पहिल्याच दिवशी ओळखाल. मी समोरच उभा होतो ना.’’

चौतीस वर्षं मी कबुलीजबाब घेतले. इतक्या सहज कुणी दिला नव्हता. उलट माझ्याच कानाच्या पाळ्या तापल्या. ज्याने गुन्हा केला त्यालाच मी पंच म्हणून उभा केला होता.

‘‘कशासाठी केलंत?’’

ते उठून फ्रीजरकडे गेले आणि एक मासा काढून माझ्या पुढ्यात ठेवला. इथे ज्याला शेरी म्हणतात तो, चांगला दोन वितींचा. ‘‘नाकाला लावा.’’

मी लावला. बाटलीचाच वास.

‘‘दर सकाळी मी कामगारांच्या बसने जाऊन कोळ्यांच्या धक्क्यावरून मासळी आणतो,’’ चाचा सांगू लागले. ‘‘तिथे एक म्हातारा अरबी नाखवा आहे. माझी त्याची दहा सालची दोस्ती. हिंदी बोलतो, जुने अरब सगळे बोलतात. तो समुद्रात गरगूर टाकतो, तारेचे मोठे पिंजरे. दोन वर्षांपूर्वी पिंजरा भरून यायचा. आता तळाला काळी चिकट घाण घेऊन येतो. चार मासे आले तर दोन असे. मला म्हणाला, भाई, मछली को बुखार है, और बुखार तेरे यार्ड से आता है. मी म्हटलं, नाय, आमच्याकडे मशीन आहे. त्याने मला होडीत घातलं आणि आपला बार्ज दाखवला. उघड्या दुपारी पाणी सोडत होता, साहेब. पाणी कसलं, डांबर.’’

‘‘आणि मशीन?’’

‘‘तुमी रोज राउंड मारता. मशीन चालू कधी ऐकलीत?’’

मी मासा खाली ठेवला.

‘‘बार्जवर जेवणाचे डबे घेऊन मीच जातो. वॉल्वखाली बाटली धरायला एक मिनिट लागतो. दोन बाटल्या नाखव्याने खात्याच्या खिडकीवर नेऊन दिल्या. तिसरी नेताना बसमध्ये सीटखाली राहिली. ते म्हणाले, कुठून भरली, कोणी भरली, याचा साक्षीदार हवा. नाखवा काय सांगणार? त्याने भरलीच नाय.’’ ते पुन्हा पिठाशी बसले. ‘‘आमच्या खाडीत पण असंच झालं, साहेब. वरती कारखाने आले. आधी शिंपल्या गेल्या, मग बोय मासळी गेली. माझे वडील रोज जाळं घेऊन पागायला जायचे, रोज रिकामे यायचे. सगळ्यांना ठावं होतं पाणी कोन सोडतं. कोनी बोललं नाय. मी पण नाय बोललो, जहाजावर निघून आलो. आता किधर जाऊ?’’

मी मासा परत फ्रीजरमध्ये ठेवला. मग म्हणालो, ‘‘चाचा, चोरीची केस झाली तर तुमचं काय होईल माहीत आहे ना? जेल होईल. परत या देशात पाय ठेवता येणार नाही.’’

‘‘ठावं आहे.’’

‘‘मग काही दिवस गप्प बसा. नवी बाटली भरू नका. कुणाला काही बोलू नका. मी बघतो.’’

‘‘इन्शाल्ला,’’ ते म्हणाले.

त्या संध्याकाळी मी मशीनकडे गेलो. मी रोज तिथून जायचो, कुलूप बघायचो आणि पुढे सरकायचो. त्या दिवशी ताडपत्री उचलली. मोटरच्या पट्ट्यावर कबुतराने घरटं केलं होतं आणि त्यात दोन पिल्लं होती, पंख फुटलेली. अंडी घालून पिल्लं एवढी व्हायला किती आठवडे लागतात हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. मग पंचनाम्याला टाचलेला केमिस्टचा कागद काढून पहिल्यांदा वाचला. त्या पोराने आकडा खरा लिहिला होता. पाणी टाकीत आलं तसंच होतं. मशिनीतून गेलेलंच नव्हतं. तो घाबरत होता तो रोज सही करत असलेल्या दुसऱ्या, खोट्या कागदांसाठी.

म्हणजे शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत माझा तपास पुरा झाला होता. चोर कोण, चोरी कशाची, खरा गुन्हा कुणाचा, पुरावा कुठे, सगळं माझ्या कपाटात कुलपाखाली. आणि मी काय केलं? शेठना सांगितलं, ‘‘तपास चालू आहे.’’

दहा दिवस मी तेच सांगत राहिलो. मनाला समजावत होतो की मी चाचांना वाचवतोय. थोडा वेळ गेला की शेठ शांत होतील, मग योग्य वेळ बघून त्यांच्या कानावर घालू, घरातल्या घरात मिटवू. आपल्याच तालुक्याचा माणूस, आपल्याला मान देणारा. माझा व्हिसा त्यांच्याच कंपनीचा होता हेही मनात होतं, ते मी नाकारत नाही. रविवारी मुलीकडे गेलो तेव्हा तिने पापलेटचं कालवण केलं होतं. मी दोनदा ताटाचा वास घेतला. ती म्हणाली, ‘‘बाबा, काय झालंय?’’ मी म्हणालो, काही नाही.

दहाव्या दिवशी, सोमवारी सकाळी, शेठ केबिनमध्ये आले. चेहऱ्यावर निर्णय झाल्याची कळा होती.

‘‘साहेब, सोडा आता. मला कळलंय. तो केमिस्ट आहे.’’

‘‘पुरावा नाही, शेठ.’’

‘‘लॅबच्या बाटल्या त्याच्या ताब्यात. फोरमन स्टेटमेंट द्यायला तयार आहे. सरकारी कामं बघणारा माझा पीआरओ आता पोलिसात चाललाय. यल्ला, चला, तुम्ही फक्त तुमचा रिपोर्ट त्याच्याविरुद्ध लिहा. पासपोर्ट ब्लॉक झाला की बोलेल आपोआप.’’

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोरच फास घेऊन उभा होता. मी म्हणालो, ‘‘मला अर्धा तास द्या.’’ शेठ म्हणाले, ‘‘तासभर घ्या. पण लिहाच.’’ आणि गेले.

मी मेसमध्ये गेलो. चाचांना सांगायला गेलो होतो की सल्ला विचारायला, मला आजही नक्की सांगता येत नाही. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. हात धुतले, एप्रन काढून खुंटीला लावला.

‘‘त्याचं पोर अजून जन्माला पण नाय आलं,’’ ते म्हणाले. ‘‘साहेब, त्या कागदाची एक कॉपी मला द्या.’’

‘‘कुठला कागद?’’

‘‘पंचनामा. खात्याला साक्षीदार पाहिजे होता. आता कागद पण आहे, लॅबचा आकडा पण आहे, दोन सह्या पण आहेत. मी बाटली भरली आणि मीच पंच. विचारलं तर सांगायचं, तुमीच बोललात.’’

‘‘चाचा, तो मराठीत आहे.’’

‘‘टायपिंग सेंटरवाला मुंबईचा आहे. तो हिंदी करील, त्याचा इजिप्तचा मिसरी साथीदार अरबी करील.’’

मला बाकी सगळं सुचत होतं. कायदा, परिणाम, कलमं. फक्त नाही म्हणायला तोंड उघडेना. मी कपाट उघडलं. कार्बनची प्रत काढली, केमिस्टच्या कागदाची झेरॉक्स जोडली, शिक्का नव्हता म्हणून तारीख घालून स्वतःची सही केली. लाख लावलेली बाटली एका पिशवीत दिली. गेटबाहेर नाखव्याची पिकअप उभी होती. चाचांनी फोन केव्हा केला मला कळलंही नाही. उंच, काटकुळा म्हातारा, अंगातला कंदुरा, म्हणजे अरबी झगा, घोट्यापर्यंत मळलेला. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं, चाचांसाठी दार उघडलं आणि शेजारची सीट हाताने झटकली. गाडीत तिसऱ्या माणसाला जागा होती.

मी बसलो नाही. मी शेठच्या केबिनमध्ये गेलो आणि त्यांना रिपोर्टच्या मसुद्यात पाऊण तास गुंतवून ठेवलं. फिर्यादीला बोलण्यात कसं अडकवायचं हे मला येतं. हा शब्द इंग्रजीत कसा लिहायचा, ती तारीख कोणती, फोरमनचं नाव पासपोर्टवर कसं आहे. शेवटी मी पेन खाली ठेवलं आणि म्हणालो, ‘‘शेठ, पीआरओला परत बोलवा. पोलीस पहिला प्रश्न विचारतील की बाटलीत काय होतं. त्याचं उत्तर आता खात्याच्या टेबलावर पोचतंय.’’

शेठ ओरडले नाहीत. उठून खिडकीशी गेले. मग म्हणाले, ‘‘मी तुम्हाला घरच्यासारखं वागवलं.’’ ते खरं होतं. मला वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

मंगळवारी सकाळी खात्याच्या दोन गाड्या आल्या. त्यांनी मला फारसं विचारलं नाही. मशीन बघितली, घरटं बघून एक अधिकारी हसला, टाक्यांचे नमुने घेतले, बार्जचे वॉल्व सील केले. केमिस्टने स्वतःहून खोट्या सर्टिफिकेटांची फाइल काढून दिली, तो साक्षीदार झाला. चोरीचा विषय निघाला तेव्हा तो अधिकारी म्हणाला, ‘‘हबीबी, जो पानी तुम समंदर में फेंकते थे, उसकी चोरी?’’ विषय तिथेच संपला. यार्ड बंद झालं, कंत्राट गेलं. बहुतेक माणसं दुसरीकडे लागली, काही लागली नाहीत. त्यांच्या मनात चाचांबद्दल काय होतं ते मी ऐकलं आहे, इथे लिहीत नाही.

चाचांना कुणी तुरुंगात टाकलं नाही. पण कंपनीचा व्हिसा रद्द झाला आणि एवढ्या वयात नवं काम कोण देणार? माझाही व्हिसा गेला. मी मुलीच्या व्हिसावर आलो आणि परत खलिफा सिटीतल्या सोफ्यावर बसलो. माझं काहीच गेलं नाही, हे मुद्दाम नमूद करतो.

त्यांना शारजाहच्या विमानतळावर सोडायला नाखवा आणि मी दोघं गेलो. नाखव्याने खजुराचा डबा आणला होता. आदल्या दिवशी पिंजऱ्यात काय आलं ते तो सांगत होता. घाण अजून येतच होती. म्हणाला, समुद्र इतक्यात धुतला जाणार नाही, पण वरून नवी काळी घाण पडत नाही. मग तो गाडी हलवायला गेला आणि आम्ही दोघंच उरलो.

‘‘साहेब, एक विचारू?’’ चाचा म्हणाले. ‘‘तुमी मला शुक्रवारी ओळखलंत. बोललात, मी बघतो. मी तुमच्यावर सोडलं. मग तुमी काय बघत होता?’’

‘‘योग्य वेळ,’’ मी म्हणालो. ‘‘तुम्हाला वाचवायचं होतं, चाचा.’’

त्यांच्या आवाजात राग नव्हता. हिशेबाचा चूक-बरोबर पडताळा घेतल्यासारखे म्हणाले, ‘‘त्या दहा दिवसांत मी बार्जवर चार वेळा डबे पोचवले.’’

चार वेळा बार्ज ते पाणी सोडायला गेला होता. मी राउंडला होतो, रजिस्टरमध्ये त्याची वेळ माझ्याच अक्षरात आहे. त्यांनी सलाम केला, पिशवी उचलली आणि रांगेत जाऊन उभे राहिले.

आता मी गावी असतो. अधूनमधून पोलीस प्रशिक्षण केंद्रात नव्या फौजदारांपुढे बोलायला बोलावतात. मी त्यांना ही केस सांगतो. कणकेचा तुकडा सांगतो, कबुतराचं घरटं सांगतो, मुलं खूश होतात. शेवटी सांगतो की फिर्यादी समोर येऊन बसला की त्याचं नीट ऐकून घ्या, पण मनात एक प्रश्न ठेवा. याच्या आधी या खुर्चीत कोण येऊन बसायला हवं होतं, आणि ते का आलं नाही? समुद्राला ठाण्यात येता येत नाही. भंडाऱ्याला यायची भीती वाटते. फॅक्टरीच्या मालकाला मात्र रस्ता पाठ असतो. यावर टाळ्या पडतात.

ते दहा दिवस मात्र मी त्यांना सांगत नाही. शुक्रवारनंतर थेट सोमवारवर येतो आणि मधले दिवस गाळतो. ऐकणाऱ्याला वाटतं, साहेबांनी ओळखलं आणि लगेच पाऊल उचललं. आज पहिल्यांदा ते दिवस लिहून ठेवले आहेत. पुढच्या बॅचला तोंडाने सांगायला जमेल की नाही, ते अजून ठरलेलं नाही.